नावाड्याचा हात

फार पूर्वी नदीकाठच्या एका गावात रिवाज होता. सुगी झाली की प्रत्येक घराने वैद्यबुवांना पायलीभर धान्य द्यायचं. मग वर्षभर कुणीही आजारी पडो, बुवांनी त्याला औषध द्यायचं.

एका वर्षी पाटलांच्या घरात कुणाला साधी शिंकसुद्धा आली नाही. पाटलांना ती पायली सलू लागली. चावडीवर ते म्हणाले, "माझ्या घरी सगळे ठणठणीत. मी कशाला देऊ? ज्याचं दुखेल त्याने द्यावं."

"पाटील, दुखणाईत माणूस कामावर जाणार कधी आणि देणार कधी?" बुवांनी विचारलं.

"ते ज्याचं त्याने बघावं."

बरीच वादावादी झाली. पण धान्य वाचतंय म्हटल्यावर गाव पाटलांच्या बाजूला झुकलं. पोट बुवांनाही होतं. त्यांनी प्रत्येक औषधाचा दर ठरवला.

पुढे नावाड्याच्या बोटांच्या बेचक्यांत खरूज उठली. मलमाचा दर ऐकून तो तसाच परतला. तेवढ्या धान्यात त्याचं घर आठवडाभर जेवत होतं. त्याने हाताला चिंधी गुंडाळली. कुणी विचारलं तर सांगायचा, "वल्ह्याने सोलवटलंय." बाजाराला जाणारा जो तो त्याचाच हात धरून नावेत चढत होता. पाटील चढत होते आणि त्यांची लाडकी नातही.

महिन्याभरात सगळं गाव खाजवू लागलं. चावडीवर बोलणं कमी आणि खाजवणं जास्त. नात रडून बेजार झाली, तेव्हा पाटील बुवांकडे धावले.

"हिला मलम द्या. लागेल तेवढं धान्य देतो."

"एकट्या हिला लावून भागणार नाही," बुवा म्हणाले. "गावात एकाच्याही अंगावर खरूज राहिली, तर हिला पुन्हा होणार. सगळ्यांना एकाच दिवशी लावावं लागेल. आणि आधी नावाड्याला. तो माझ्या दारातून तसाच परत गेला होता."

पाटील तडक नदीवर गेले. "अरे, अंगावर काढलंस कशाला? वेळेवर औषध घ्यायला काय झालं होतं?"

नावाड्याने चिंधी सोडली. हात बघवत नव्हता.

"पाटील, ज्याचं दुखेल त्याने द्यावं, असं ठरलं होतं. माझ्याकडं द्यायला नव्हतं, म्हणून गुपचूप सोसत बसलो. पण ते माझ्यापुरतं राहिलं नाही."

मनगट खाजवत पाटील घरी आले. कणगीतून त्यांनी आधी स्वतःची पायली काढली, मग नावाड्याची.

बुवांनी करंजाच्या तेलात गंधक खलून परातभर मलम केलं. सगळं गाव पिवळं होऊन उन्हात बसलं, पाटील नावाड्याच्या शेजारी.

पुढच्या सुगीला पाटलांच्या घरी कुणीच आजारी नव्हतं. तरी बुवांच्या दारात पहिली पायली त्यांचीच आली.

तात्पर्य: शेजारी औषधावाचून राहिला, तर आपलं घरही फार दिवस ठणठणीत राहत नाही.