पांढऱ्या पायांची येसाई

लग्नाच्या वर्षीच येसाईचा नवरा गेला. ही पांढऱ्या पायाची, पाऊल ठेवील तिथलं वाटोळं करील, असं देशमुखांनी भर चावडीवर सांगितलं. त्या दिवसापासून बारशा-लग्नांची दारं तिला बंद झाली. गाव तिचं नावही विसरला.

पुढं देशमुखांचा डोळा तिच्या विहिरीकाठच्या रानावर गेला. बेवारस बाईचं रान, पहिली मूठ आपण पेरली की आपलंच, असं म्हणत ते पेरणीच्या दिवशी नारळ घेऊन बांधावर आले. मागं सारा गाव होता.

येसाई रानाच्या मधोमध अनवाणी उभी होती. शेजारीण पारू कुजबुजली, "पाया पड गं त्यांच्या."

येसाई जागची हलली नाही. "या, सरकार. पहाटेपासून हे रान मी पायाखाली घातलंय, एक ढेकूळ सोडलेलं नाही. माझे पाय पांढरे, हे तुमचेच शब्द. खरे असतील, तर टाका बी या मातीत. खोटे असतील, तर गाव समोरच आहे, तसं सांगा आणि मग पेरा."

देशमुखांनी गावाकडं पाहिलं, मातीकडं पाहिलं. मुठीतलं बी मुठीतच ठेवून ते माघारी फिरले.

पारूनं हसत टाळी दिली. "जिंकलीस गं, पांढऱ्या पायाचे!"

येसाईनं आपला हात काढून घेतला.

"तो शब्द मी जन्मभर सोसला, म्हणून आज मी वापरला. तुझ्या तोंडी ती अजून शिवीच आहे, पारू."