परातीची दवंडी

"कर्जबाजारी माणसाच्या हाती चोरदिंडीची चावी? कदापि नाही!" महाराज गरजले.

चोरदिंडी म्हणजे गडाच्या पोटातून थेट जंगलात उघडणारा गुप्त दरवाजा. आधीच्या पहारेकऱ्याला सावकारानं कर्जाचा धाक घातला आणि त्या बिचाऱ्यानं दरवाजाची वाट सांगून टाकली. तेव्हापासून महाराजांनी कर्ज या शब्दाचीच धास्ती घेतली होती.

समोर उभी होती गोजरा, दवंडीवाल्या सटवाजीची लेक. सटवाजीचा घसा बसला तो बसलाच. औषधासाठी भिकूशेट सावकाराचं कर्ज काढलं, हलगी त्याच्याकडे गहाण पडली. आता चोरदिंडीच्या पहाऱ्याची ही नोकरी मिळाली तरच चूल पेटणार होती.

दिवाणजी खो खो हसले. "दवंडीवाल्याची पोर गुपित राखणार? उद्या चौकात ओरडेल, ऐका हो ऐका, चोरदिंडी इकडं आहे!"

गोजरा हळूच म्हणाली, "दिवाणजी, बाबांनी जन्मभर ओरडायचं तेवढंच ओरडलं. न ओरडलेलं किती होतं, ते तुम्हाला कसं कळणार?"

महाराज मिशीत हसले, पण हट्ट सोडतील तर शपथ! "ठीक आहे. एक कवडीही न फेडता, उद्या मावळतीच्या आत सावकाराचा धाक नाहीसा करून दाखव. नाहीतर चावी दिवाणजींना. त्यांच्यावर कुणाचं देणं नाही."

"छे छे, मुळीच नाही!" दिवाणजी घाईघाईनं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भरबाजारात धण् धण् धण् आवाज घुमला. हलगी गहाण, म्हणून गोजरानं घरातली परातच आणली होती!

"ऐका हो ऐका! सटवाजीच्या गोजरावर भिकूशेटचं कर्ज आहे हो! बाबांच्या औषधासाठी काढलंय, महिन्याच्या महिन्याला फेडणार आहे हो! आणि भिकूशेटचे बाकीचे कर्जदार कोण, ते आज मावळतीला दरबारात कळेल हो!"

भिकूशेट धावतच आला. तिला बाजूला घेऊन पुटपुटला, "पोरी, चावी मिळाली की दिंडीची वाट मला सांगायची. नाहीतर..."

"नाहीतर काय, शेटजी?"

"तुझं कर्ज गावभर करीन!"

"मग परात देऊ का?"

शेजारची भाजीवाली एवढी हसली, की तिच्या टोपलीतली वांगी घरंगळली. भिकूशेट पाय आपटत निघून गेला.

भर दुपारी, रणरणत्या उन्हात, घोंगडी पांघरलेला एक माणूस गोजराच्या दारात आला. घोंगडीखालून घामाघूम दिवाणजी निघाले!

"गोजराताई..."

"काल पोर होते, आज ताई?"

दिवाणजींनी मोहरांची थैली पुढं केली. "ही घे, पण दरबारात माझं नाव तेवढं घेऊ नकोस."

गोजरानं थैली परत सरकवली. "थैली न्या. नाव घेणार नाही, हा माझा शब्द."

मावळतीला दरबार भरला.

"धाक गेला?" महाराजांनी विचारलं.

"गेला, महाराज. जे सगळ्या बाजाराला ठाऊक आहे, ते सांगेन म्हणून शेटजी कुणाला भिववणार?"

"वा! आणि बाकीचे कर्जदार?"

"मला कुठं माहीत होते? एकाचंही नाव ठाऊक नव्हतं. दुपारी एक जण आपणहून सांगून गेले. पण त्यांना शब्द दिलाय."

"मी हुकूम केला तरी सांगणार नाहीस?"

"सांगितलं, तर अशा मुलीला तुम्ही चावी द्याल?"

महाराजांनी कौतुकानं मान डोलावली. एवढ्यात दिवाणजी ताडकन उठले.

"म्हणजे? तुला माझं नाव ठाऊकच नव्हतं?"

बोलून गेले आणि दोन्ही हात तोंडावर!

महाराज असे हसले, की फेटा कानावर आला. चावी त्यांनी स्वतःच्या हातानं गोजराला दिली. "आणखी माग!"

"एक नवी परात द्या, महाराज. आमची उद्या दिवाणजींना लागेल. मग भाकरीचं पीठ कशात मळू?"

तांब्याची मोठी परात आली, काठोकाठ जोंधळ्यानं भरलेली!

आणि दुसऱ्या दिवशी बाजारात दिवाणजी मान खाली घालून परात वाजवत होते. "ऐका हो... माझ्यावर... भिकूशेटचं..."

गर्दीतून गोजराचा आवाज आला, "जरा मोठ्यानं, दिवाणजी! मागच्यांना ऐकू येत नाही!"