वाऱ्यानं फुगलेला सदरा

“हा प्रसंग काढूनच टाकायला हवा, नाही का मास्तर?”

फेर्नांनं विचारलं. म्हातारे अन्सेल्म मास्तर खिडकीशी चित्रपटाची फीत धरून बघत राहिले.

सिनेमा मुका होता तेव्हाची, पॅरिसमधली ही गोष्ट. फेर्नां आणि ओगुस्त, दोघं जिवलग. फीत कापायला-जोडायला दोघंही याच मास्तरांकडे शिकले. दोघांत मिळून एकच कॅमेरा. एक हँडल फिरवी, दुसरा वर छत्री धरी. पुढे दोघंही चित्रपट करू लागले, नावारूपाला आले. पण ओगुस्तचं नाव जरा जास्तच झालं, आणि इथेच माशी शिंकली. चारचौघांत फेर्नां त्याला मिठी मारायचा आणि घरी येऊन जळफळत बसायचा.

आता ओगुस्तनं नवा चित्रपट सगळ्यांच्या आधी त्याच्याकडे धाडला होता. निरोप एवढाच, की तू म्हणशील ते कापतो, दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

त्यात एक धोबीण नदीकाठी आपल्या मेलेल्या मुलाचा सदरा वाळत घालते. वारा येतो, सदरा फुगतो, आणि ती त्याच्या खांद्यावर हात ठेवते. बस, एवढंच. पण ते पाहिल्यापासून फेर्नांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मेल्याला सुचतं तरी कसं, आणि मला का नाही?

म्हणून तर तो फीत घेऊन मास्तरांकडे आला होता. मास्तरांनी नुसती मान हलवली असती, तरी अर्धं पाप त्यांच्या माथी गेलं असतं.

“फार लांबतो हो. लोक जांभया देतील. ओगुस्तच्या भल्यासाठीच म्हणतोय मी.”

“काढायचा?”

“हो.”

“नक्की?”

फेर्नां खिशातला रुमाल चुरगाळत राहिला.

मास्तरांनी कात्री घेतली आणि कचकन फीत कापली. मग दुसऱ्या टोकाला. धोबीण, सदरा, वारा, सगळं टेबलाखालच्या टोपलीत पडलं. टोपली आधीच तुकड्यांनी शिगोशीग भरली होती. कचरा दाबायला मास्तरांनी लाकडी बुटाचा पाय उचलला.

“पाय नको, मास्तर!”

फेर्नां कधी खाली बसला, त्याचं त्यालाच कळलं नाही. मास्तरांचा पाय त्यानं दोन्ही हातांनी धरला होता.

“ओरखडा पडेल हो... तिच्या हातावर पडेल...”

मास्तरांनी पाय मागे घेतला.

फेर्नांनं ती फीत अलगद बाहेर काढली आणि रुमालानं पुसली. कडा खरवडल्या, होत्या तिथेच पुन्हा चिकटवल्या, बोटांनी दाबून धरल्या. हेवा काही गेला नव्हता, तो आत तसाच पेटलेला होता. पण इतका नाजूक जोड त्यानं स्वतःच्या चित्रपटातही कधी दिला नव्हता.

मास्तरांनी फीत पुन्हा उजेडात धरली. जोड शोधला. सापडेना.

“हं... मग ओगुस्तला काय कापायला सांगणार आहेस?”