सुताई पेठेतली उन्हाची पट्टी

शहरातली ही वरून धावणारी रेल्वे सगळीकडे रस्त्याच्या मधोमध रोवलेल्या खांबांवर उभी आहे. सुताई पेठेत मात्र खांब फाकतात. एक गल्लीच्या या कडेला, एक त्या कडेला, दोघांच्या डोक्यावर आडवी तुळई आणि तिच्यावर स्टेशन. दोन्ही बाजूंना फलाट, मध्ये रूळ, आणि दोन रुळांच्या मधून खालपर्यंत उघडी राहिलेली एक लांबलचक फट. गल्लीत उभं राहून मान वर केली की तेवढंच आभाळ दिसतं. नवखी माणसं विचारतात, काम अर्धवट राहिलं की काय? मग जिन्याच्या पायथ्याशी, सुताईच्या देवळाच्या ओट्यावर बसलेले श्रावणबुवा निनावे त्यांना बसायला सांगतात. "अर्धवट नाही जी," ते म्हणतात, "सगुणाबाईसाठी सोडली आहे ती." गोष्ट फार जुनी नाही, पण इतक्या तोंडांतून गेली आहे की आता तीही देवीच्या कथेसारखीच सांगितली जाते.

पेठ कोष्ट्यांची. घरोघर हातमाग. लुगड्याचं उभं सूत, म्हणजे ताणा, मागावर चढवण्याआधी त्याला खळ द्यावी लागते. ताणा गल्लीभर लांब पसरायचा, भाताच्या पेजेची खळ लावायची, कुंच्याने धागे सुटे करायचे आणि कडक उन्हात वाळवायचे. वाळायला उशीर झाला की धागे एकमेकांना चिकटतात आणि ते सूत वाया जातं. म्हणून या गल्लीत कोणी ओटा पुढे काढला नाही, झाड लावलं नाही. एकदा पेठेत साथ आली होती, तेव्हा पराते घराण्यातल्या कुणा पूर्वजाने सुताईला नवस केला म्हणे, की पेठ वाचव, आमच्या घरात माग आहे तोवर चैत्री पौर्णिमेला तुला आमच्याच हातचं लुगडं नेसवू, बाहेरचं सूत तुझ्या अंगाला लागू देणार नाही. पेठ वाचली. तो नवस पिढ्यान् पिढ्या चालत सगुणाबाई आणि बळीराम पराते यांच्यापर्यंत आला.

खांबांसाठी खड्डे घेणारं यंत्र पेठेत शिरलं तेव्हा गल्लीत सगुणाबाईचाच ताणा पसरलेला होता. बळीरामची नजर तोवर गेली होती, छातीही भरलेली असायची. तो पुढच्या खोलीत खाटेवर पडून असे. सगुणाबाई कुंचा हातात धरून यंत्रासमोर उभी राहिली. तिला भांडता येत नव्हतं.

"साहेब, ओला ताणा गुंडाळता येत नाही जी. वाळू द्या," एवढंच ती म्हणाली.

आगाशे नावाचे इंजिनियर होते. त्यांनी यंत्र थांबवलं आणि एका उंबऱ्यावर जाऊन बसले. ताणा वाळला, बायकांनी तो गुंडाळला, तरी ते उठले नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि मधोमध खांब आले तर?" गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगुणाबाईने नुसतं पाहिलं. ते पाहणं आगाशेंना सोसलं नाही, असं सांगतात. ते वरिष्ठांशी वाद घालून, बोलणी खाऊन आले, ते नवा नकाशा घेऊनच. खांब कडेला गेले. बायकांनी आगाशेंना देवळासमोर बसवून ओवाळलं. सगुणाबाईने घरात जाऊन नवऱ्याला सांगितलं, "गल्ली वाचली." तो हसला. तसा तो बऱ्याच दिवसांनी हसला होता.

काम वर वर चढत गेलं. दोन्ही कडांनी खालून पत्रावळीएवढे वाटणारे सिमेंटचे तुकडे उंचावर बसू लागले आणि एकमेकांकडे सरकू लागले. एके दिवशी दुपारी सगुणाबाई गल्लीत आली आणि थबकली. तिच्या पायांखालची माती गार होती. तिने वर पाहिलं. मग आगाशेंना शोधून काढलं.

"साहेब, ऊन?" ती म्हणाली.

आगाशेंनी डोक्यावरचं शिरस्त्राण काढलं. तेही वर पाहत राहिले. जागेचा विचार त्यांनी केला होता, तिनेही केला होता. उन्हाचा कोणीच केला नव्हता.

"आता हे उतरवता येत नाही, बाई," ते म्हणाले. "मधली फट बुजवायची आहे. ती मी राहू देतो. एवढंच माझ्या हातात आहे."

सगुणाबाईने त्यांना हात जोडले. दुसरं काय करणार?

गाड्या सुरू झाल्या. एकेका घरातला माग मोडला गेला. कोणी वरच स्टेशनात झाडायला लागलं, कोणी शहराबाहेर कापडाच्या गिरणीत गेलं. सगुणाबाईने मात्र देवीसाठी ताणा काढला, पसरला, खळ दिली. फटीतून भर दुपारी उन्हाची पट्टी खाली उतरे, जेमतेम ताण्याएवढी रुंद. ती सरके तशा शेजारणी ताणा हातांवर उचलून तिच्याबरोबर सरकत. हाताला धागे जरा कोरडे लागायचे, तोच पट्टी भिंतीवर चढून जाई.

आत बळीराम विचारी, "आभाळ आलं का वं? चैतातच गडगडतंय."

वरून गाडी गेलेली असे. "हो, आलंय थोडं," ती म्हणे.

"मग सूत?"

"वाळत आलं."

रोज तेच. ताण्याला आंबूस वास येऊ लागला, धागे चिकटून त्यांची दोरी झाली. शेजारच्या बायका तिची नजर टाळू लागल्या. पौर्णिमेच्या सकाळी बळीरामचा श्वास घरघरू लागला. त्याने हात पुढे केला. "वाळलं?"

"वाळलं," ती म्हणाली.

"दे हातात."

तिच्याकडे द्यायला काही नव्हतं. ती बाहेर आली आणि त्या चिकटलेल्या सुतात बोटं घातली. एक धागा, एकच, टोकापासून टोकापर्यंत न तुटता सुटून आला म्हणे. कसा आला ते पेठेत आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. तिने तो आत नेऊन बळीरामच्या बोटांत दिला. त्याने तो अंगठ्याने चाचपला. सगळं आयुष्य सुतात गेलेल्या माणसाला ओलं आणि कोरडं कळणार नाही असं कसं होईल? पण त्याने फक्त तिचा हात दाबला. दुपारच्या आत तो गेला.

संध्याकाळी पेठेने बाजारातून लुगडं आणून देवीला नेसवलं. नवस मोडला होता. सगुणाबाई सुतकात होती, देवळात पाऊल टाकता येत नव्हतं. ती पायरीखाली उभी राहिली आणि तो धागा शेजारणीच्या हाती दिला. म्हणाली, "तिला सांगा, एवढंच आहे. रागवायचं तर माझ्यावर रागव."

तो धागा देवीच्या मनगटावर बांधला गेला.

आजही चैत्री पौर्णिमेला भर दुपारी पेठेतल्या बायका स्टेशनाखाली येतात. कोणाच्याच घरात आता माग नाही. एक धागा खळीत बुडवून, त्या फटीखाली, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हातांवर धरून उभ्या राहतात. उतारू जिन्यावर थांबून पाहतात. वरून गाडी गेली की ऊन जातं, बायका हात खाली न आणता ते परत यायची वाट पाहतात. एखाद्या वर्षी धागा वाळतो. बहुतेक वर्षी वाळत नाही. मग तो ओलाच देवीला बांधतात.