डोहाळ्यांची राई

शेवरेवाडीच्या ओढ्याकाठी रायवळ आंब्यांची जुनी राई आहे. तिथल्या एका झाडाचा आंबा दुसऱ्यासारखा लागत नाही. एकाला शेपूचा वास, दुसरा नुसता धाग्यांचा, तिसरा इतका आंबट की दात शिवशिवतात. झाडांना नावे बायकांची: आवडेचा, बायजेचा, चंद्रीचा. जुन्या जातींच्या काड्या कलमासाठी न्यायला शेतकी कॉलेजची माणसे येतात, तेव्हा गावचे भिवा गुरव त्यांना आधी सावलीत बसवतात आणि झाडे कुणामुळे उरली ते सांगतात.

फार पूर्वी गावचा कारभार राघोजी खोताकडे होता. त्याच्या परसातला एक आंबा मधासारखा गोड निघाला आणि खोताच्या डोक्यात तेच खूळ शिरले. गावात आंबा असेल तर हाच! त्याची कलमे जागोजाग लागली आणि जागा करायला रायवळ झाडे तुटू लागली. आवडा ही खोताची धाकटी सून. तिला तेव्हा दिवस गेले होते आणि पोटात पाण्याचा घोट ठरत नव्हता. ओढ्याकाठच्या शेपूच्या वासाच्या कैरीची एक फोड तेवढी ठरली. त्या झाडाने आपल्याला आणि पोटातल्या जिवाला तारले, असे तिने मनाशी धरले.

त्याच झाडाला कुऱ्हाड लागणार असे कळले, तशी ती बुंध्याशी जाऊन बसली. सासऱ्यापुढे कधी मान वर न करणारी ही सून म्हणाली, "मामांजी, माका ह्याच झाडाचे डोहाळे लागले हत."

खोताने हात वर करून माणसांना थांबवले. पोटुशीचे डोहाळे मोडायचे नसतात. मोडले तर बाळाला बाधतात, ही समजूत. माणसे कुऱ्हाडी घेऊन परतली.

मग काय, गावातल्या बायकांना वाटच सापडली. जिला दिवस जात ती एकेका झाडाचे डोहाळे सांगू लागली. साठी उलटलेली बायजासुद्धा एका आंब्याला मिठी मारून बसली. "माका पण लागले हत. देवान दिल्यान तर मी काय करू?" खोताने कपाळाला हात लावला, पण झाड सोडले.

पुढे एका वर्षी ऐन मोहोरात आभाळ भरून आले आणि हटेना. खोताची कलमे सगळी एकाच आईची लेकरे, सगळी एकदमच मोहरलेली. सगळा मोहोर एकदमच काळा पडून गळाला. रायवळांचे तसे नव्हते. कुणी आधीच मोहरून बसले होते, कुणी अजून झोपेत होते. आंब्याची साठे, म्हणजे वाळवलेल्या रसाच्या पोळ्या, विकून गाव पावसाळ्याचे तांदूळ भरायचे. त्या वर्षी चुली पेटल्या त्या बायकांनी राखलेल्या झाडांवर. आवडेचे लेकरू शेपूचा आंबा चोखत अंगणात हिंडायचे, आणि खोत ते बघत बसायचा.

राईत एकच झाड बेवारशी उरले होते, ते आंबटढाण. होडी करायला ते खोड देण्याचा शब्द खोतानेच दिलेला. तोडायला माणसे आली तेव्हा गावात एकही बाई पोटुशी नव्हती. आवडा कासावीस होऊन धावली, पण आज सांगायचे काय? एवढ्यात खोत काठी टेकत आला आणि बुंध्याला पाठ लावून उभा राहिला.

"ह्येचे डोहाळे माका लागले," तो म्हणाला. "कोण कुराड लावता ता बघतंय मी."

कुणी हसले नाही, असे सांगतात. आवडाने वाकून सासऱ्याच्या पायांवर डोके ठेवले. "पाया माझ्या नको, झाडाच्या पड," खोत म्हणाला आणि आधी स्वतःच वळून झाडाच्या पाया पडला.

आजही शेवरेवाडीत डोहाळजेवण झाले की पोटुशी बाई राईत जाते, एका झाडाला हळदकुंकू लावते आणि त्याला आपले म्हणते. मग त्याला कोयता लावायची कुणाची छाती नाही. आंबटढाण आंब्याला मात्र खोताचा म्हणतात. त्याला हळदकुंकू बाई लावत नाही, तिचा सासरा लावतो.