हवेत हलणारा गज

खूप जुन्या काळातली गोष्ट, पण वेळ मात्र अगदी नक्की सांगता येते. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. राजवाड्यातल्या वाद्यवृंदाच्या प्रमुखांनी व्हायोलिन वाजवणाऱ्या एका बाईला बोलावून सांगितलं, "उद्यापासून तू चौघांच्या मेळात. दसऱ्याला महाराजांसमोर वाजवायचं. त्यांना आवडलं तर कायमची तिथे. नाहीतर मग बघू."

तो 'बघू' तिला साधा वाटला नाही. नोकरी होती म्हणून राजवाड्यात खोली होती, आणि खोलीत तिची चार वर्षांची लेक होती.

नऊ वर्षं ती साठ जणांच्या वाद्यवृंदात मागच्या रांगेत वाजवत होती. तिथे तिने एक युक्ती शिकून घेतली होती. मात्रा मोजताना चुकलं, कुठे आहोत ते कळेनासं झालं, की व्हायोलिनचा गज तारांना टेकवायचाच नाही. शेजारच्यांसारखा वरच्या वर हलवायचा. साठ जणांत कुणाला कळतंय?

चौघांत पहिल्याच दिवशी ती मात्रा मोजताना चुकली. सवयीने गज हवेत हलायला लागला, आणि वाजत्या गाण्यात भलंमोठं भोक पडलं. बाकीचे तिघे अडखळले, थांबले.

त्यांच्यातले म्हातारे आजोबा मोठं, उभं धरायचं व्हायोलिन वाजवायचे. त्यांनी आपला गज मांडीवर ठेवला.

"काय गं, वारा घालतेस होय आम्हाला?"

दोघे हसले. तिला रडूच आलं. "चुकलं तर काढून टाकतील हो आजोबा. लेकीला घेऊन कुठे जाऊ मी?"

"अगं, चुकीचं वाजलं तर तू कुठे आहेस ते तरी आम्हाला कळेल. मग येऊ की तुला घ्यायला. वाजलंच नाही तर शोधायचं कुठे?"

"पण चूक सगळ्यांना ऐकू जाईल."

"जाऊ दे. मी चाळीस वर्षं ऐकवतोय."

दसऱ्याला दरबार भरला. मध्यावर तिची मात्रा सुटलीच. हात आपोआप वर जायला लागला. तिने तो दाबून खाली आणला आणि वाजवलं. सूर चुकीचाच लागला, तोही चांगला खणखणीत. आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि पुढच्या ओळीची पहिली मात्रा ठासून वाजवली, 'इथे ये' म्हटल्यासारखी. ती आली. चौघे पुन्हा एक झाले.

"मध्ये काहीतरी वेगळं वाजलं," महाराज म्हणाले.

"माझं चुकलं, महाराज," ती म्हणाली.

"ते कळलं. पण हे तिघे तुला कसे घेऊन आले, तेही कळलं. हा मेळ असाच राहू दे."

दुपारी खोलीवर येऊन ती लेकीशेजारी जी आडवी झाली, ती दिवेलागणीलाच उठली. इतकी गाढ झोप तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

तात्पर्य: चूक लपवली की माणूस एकटा पडतो, उघड केली की त्याला सोबत मिळते.

तुमच्या ओळखीत कुणी चुकायच्या भीतीने गप्प बसत असेल, तर त्याला एवढं जाऊन सांगा.