खारं शेत आणि गोडं पाणी

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका, ती मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

खाडीच्या काठी एक गाव होतं. माणसं प्रभू येशूला मानणारी, साधी, कष्टाळू. समुद्राचं पाणी अडवायला त्यांनी मातीचे बांध घातले होते आणि बांधाच्या आत ती भात पिकवत. प्रत्येक बांधाला लाकडी फळ्यांचं एक दार असे. त्याला म्हणायचे उघाडी. ओहोटीला उघाडी काढून शेतातलं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीच्या आधी ती घट्ट लावायची, हा तिथला नेम.

त्या गावात दोन भाऊ शेजारी शेजारी शेती करत. थोरला बैलासारखा राबायचा, पण धाकट्याचं भात नेहमी वीतभर उंच. लोक धाकट्याच्या शेतापाशी थांबत आणि थोरल्याच्या शेतापाशी चालू लागत. थोरल्याच्या पोटात दुखायचं. एका भरतीला न राहवून त्याने धाकट्याची उघाडी काढली. शेतात समुद्र शिरला आणि उभं पीक करपून गेलं. लाटेने फळ्या निघाल्या असतील, असं सगळे म्हणाले. थोरलाही म्हणाला.

त्या दिवसापासून त्याला अन्न गोड लागेना. त्याने देवापुढे पाप कबूल केलं आणि पुन्हा भावाचा मत्सर करणार नाही अशी शपथ घेतली. ती आठ दिवस टिकली. कारण शेत बुडालं तरी लोक धाकट्याच्याच चिकाटीचं कौतुक करत होते! मग थोरल्याने उपास धरले. उपासाने अंग वाळलं, मत्सर मात्र गुटगुटीतच राहिला. भाऊ नजरेस पडू नये म्हणून तो लांबच्या वाटेने जाऊ लागला, तर वाटभर भाऊच डोळ्यांपुढे. तीन वर्षं तो असा झुंजला. माणूस हट्टी होता, हरलो म्हणायला तयार नव्हता.

शेवटी तो आत्याकडे गेला. आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची बहीण. गावच्या प्रार्थनामंदिराची झाडलोट करायची आणि बोलताना कुणाची भीड ठेवायची नाही. त्याने तिला सगळं सांगितलं, अगदी उघाडीसकट.

आत्याने केरसुणी खाली ठेवली. 

"खारवलेलं शेत धाकट्याने कसं सुधारलं, पाहिलंस ना?" तिने विचारलं.

"पाहिलं. आधी वरचं मीठ खरवडत बसला. आज खरवडावं, तर उद्या पुन्हा पांढरं. मग त्याने डोंगरातल्या झऱ्याचा पाट आणला आणि शेत गोड्या पाण्याने भरून ठेवलं. मीठ विरघळलं की ओहोटीला सोडून द्यायचं, पुन्हा भरायचं. तीन वर्षांनी कुठे भात उगवलं."

"आणि तू तीन वर्षं काय करतोयस? खरवडतोयस."

आत्याने त्याला पायरीवर बसवलं.

"अरे, रोज देवाकडे जातोस तो पाप पुढे करून, वैद्याला दुखरं बोट दाखवावं तसा. नुसतं त्याच्याजवळ बसावंसं वाटलं म्हणून कधी गेलास का?"

"नाही, आत्ये."

"मग उद्यापासून पहाटे इथे यायचं. मत्सराचं नाव काढायचं नाही. प्रभूने तुझ्यासाठी काय केलं, तेवढं ऐकायचं."

तो जाऊ लागला. पहिले काही दिवस जांभया देण्यात गेले, पण एकदा धरलेलं सोडणाऱ्यांतला तो नव्हता. एका पहाटे आत्या सांगत होती, की प्रभूने शिष्यांचे पाय धुतले आणि जो त्याला वैऱ्यांच्या हाती देणार होता त्याचेही धुतले.

"तो असं करणार हे प्रभूला ठाऊक होतं?" थोरल्याने विचारलं.

"ठाऊक होतं," आत्या म्हणाली.

थोरल्याने आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं आणि तो लहान मुलासारखा रडला. आपण उघाडी काढत होतो तेव्हाही प्रभू आपल्यावर प्रेमच करत होता, हे त्याला त्या दिवशी कळलं.

मग त्याला पहाटेची ओढ लागली. नांगर धरतानाही तो प्रभूशी बोलू लागला. मत्सर यायचा थांबला, असं नाही. पण आता थोरला त्याला म्हणायचा, "तुझं ऐकलं तर माझ्या प्रभूला दुखेल," आणि कामाला लागायचा.

एका अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. धाकटा लाकडं आणायला डोंगरात गेला होता. त्याच्या बांधाला खांड पडली आणि त्या फटीतून खारं पाणी आत घुसू लागलं. जवळपास थोरला एकटाच होता. मनातला जुना आवाज म्हणाला, "आज तर तू काहीच केलेलं नाहीस. नुसता उभा राहा."

"नाही!" थोरला मोठ्याने म्हणाला.

खांड बुजवायला फळ्या हव्या होत्या आणि हाताशी फळ्या होत्या त्या फक्त त्याच्या स्वतःच्या उघाडीच्या. त्याने त्या उपसल्या. त्याच्या शेतात पाणी धो धो शिरलं, पण त्याने वळून पाहिलं नाही. फळ्या खांडीत रोवून, पेंढा आणि चिखल ठासून, ओहोटी लागेपर्यंत तो छातीभर पाण्यात फळ्यांना पाठ लावून उभा राहिला.

धाकटा धावत आला. आपलं शेत हिरवं आणि भावाचं बुडालेलं पाहून तो बांधावरच थबकला.

"दादा, हे काय केलंस?"

"आजचं सोड. त्या साली तुझी उघाडी लाटेने निघाली नव्हती. मी काढली होती."

धाकट्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली. तो तडक घरी गेला.

पंधरा दिवस तो फिरकला नाही. थोरल्याचं शेत पांढरं पडलं. लोक हळहळले. तो मात्र रोज पहाटे प्रार्थनेला जाई आणि मग फावडं घेऊन बांध दुरुस्त करी. सोळाव्या दिवशी पाण्याची खळखळ ऐकून त्याने वर पाहिलं. धाकट्याने आपला झऱ्याचा पाट फोडून त्याच्या शेताकडे वळवला होता आणि स्वतः चिखलात उतरून तो पाण्याला वाट करून देत होता.

"बघत काय राहिलास, दादा? पलीकडून फावडं लाव," वर न बघता तो म्हणाला. "मीठ निघायला एकट्याला तीन वर्षं लागतात. दोघांना दोन पुरतील."

मुलांनो आणि मोठ्यांनो, पाप नुसतं खरवडून जात नाही. देवावरच्या प्रेमाने मन काठोकाठ भरलं, की पापाला तिथे राहायला जागा उरत नाही.